लेफ्ट म्हणजे

कुंकळ्ळीच्या बाजारात, फार्मसीच्या माडीवर,
संध्याकाळी सहा ते साडेसात
मी बोटीवर जाणाऱ्या पोरांना इंग्रजी शिकवते.
बेतूलचे, वेळ्ळीचे, असोळण्याचे, एकटा बाळ्ळीचा.
कुणाच्या हाताला माशांचा वास, कुणाच्या ग्रीसचा.
काल फळ्यावर एकच शब्द लिहिला: लेफ्ट.

मिंगेल म्हणाला, डावा.
म्हणताना त्याचा हात आपसूक वळला,
बापाच्या पिकअपमध्ये शेजारी बसून
चर्चच्या कोपऱ्यावर वळतो तसा.

दत्तेश म्हणाला, गेला. माझा भाव खाणीवरून लेफ्ट.
मग थोडं थांबून,
खरं तर खाणच लेफ्ट, टीचर.
भाव तिथंच उभा होता.
सगळे हसले. मी व्याकरण सुधारलं नाही.

मागच्या बाकावरून कायतान,
जो डाव्या हातानं लिहितो, वही तिरकी ठेवतो,
आणि विचारल्याशिवाय बोलत नाही:
उरलेलं पण ना, टीचर?
परवाचं सोरपोतेल. जे आज जास्त चांगलं लागतं.

तीन रकाने पाडले मी.
डावा. गेलेला. उरलेला.
खडू तसाच हातात,
कारण गेलेला आणि उरलेला
एका शब्दात कसे नांदतात
हे मलाही कुणी शिकवलं नव्हतं.
बोलणं टाकलेले दोन भाऊ,
घर एक, विजेचं मीटर एक, कुलपं दोन.

हू इज लेफ्ट, म्हणजे कोण उरलं.
हू लेफ्ट, म्हणजे कोण गेलं.
मधे मुंगीएवढं एक इज.
ते पुसलं की माणूस जातो.

कायतानचा काका, भांडी घासत घासत
क्रूझवर चीफ स्टुअर्ड झालेला, सांगतो
की जहाजाला डावं नसतंच.
तू पाठ फिरवलीस तर तुझं डावं फिरतं, जहाजाचं नाही.
म्हणून म्हणायचं पोर्ट.
पोर्ट म्हणजे बंदरही,
नाताळात कपाटातून निघणारी गोड लाल दारूही,
आणि रात्री त्या कडेला लाल दिवा.
म्हणजे तिथं चढल्यावर पहिला रकाना रिकामा.
बाकीचे दोन भरत राहतात.

माझा भाऊ उमाकांत, लिस्बनला,
अकरा वर्षं.
चवथीच्या आदल्या रात्री घरच्या ग्रुपवर
करड्या बारीक अक्षरांत आलं:
उमाकांत लेफ्ट.
भांडण नव्हतं काही. नवा फोन घेतला असेल, आई म्हणाली,
आणि दुसऱ्या दिवशी पानं वाढायला बसली.
आधी डावी बाजू:
मीठ, लिंबाची फोड, लोणचं, थोडी कोशिंबीर.
डावं चिमटीभरच असतं, ती म्हणते,
पण ते नसेल तर पान मांडलं असं होत नाही.
पाच पानं मांडली तिनं.
बसलो आम्ही चौघं.

रात्री मी मराठीत शोधत होते,
असा एकच शब्द, दोन्हीकडचा.
नाही सापडला. पण दोन शब्दांचा आहे:
राहून गेलं.
राहणं आणि जाणं, हात धरून,
आणि अर्थ भलताच, तिसरा.
त्याला फोन करायचा राहून गेला.
विचारायचंही, की पान वाढायचं का.

आज कायतानचा शेवटचा तास. बुधवारी दाबोळीहून विमान.
म्हटलं, ये, एक वाक्य लिही.
तो फळ्याशी आला, डाव्या हातात खडू,
लिहिलं: आय लेफ्ट होम.
लिहिता लिहिता त्याचा तळवा मागून घासत गेला,
पहिला आय पुसला गेला,
लेफ्टचंही अर्धं.
होम तेवढं ठळक.

अजून निघालाही नाहीस, मी म्हटलं.
त्यानं पांढरा हात पँटला पुसला.
सराव, टीचर.